पुढच्या टोकाचे वजन

मी व्यवसायाने वजनकाटे दुरुस्त करणारा मनुष्य आहे. माझी पत्नी व मी, उभयतांनी एकोणीस वर्षे दर उन्हाळ्यात कॅनूमधून तळ्यापलीकडे जाऊन तंबू ठोकला. कॅनू ही दोघांनी वल्हवावयाची निमुळती होडी होय. ती पुढे बसे, मी मागे. तिच्या निधनास सात महिने लोटल्यावर मेहुण्याने होडीसाठी गिऱ्हाईक पाहिले.

"दाजी, एकट्यानं झेपणार नाही तुम्हाला. उगाच धूळ खात पडेल."

"एकदा पलीकडे जाऊन येतो. नाही जमलं तर दे विकून."

"आणि तळाशी गेलात तर?"

"गिऱ्हाइकाला सांग, माल पाण्यात आहे, बघून घ्या."

तो हसला. मीही हसण्याची क्रिया केली.

एकट्या माणसास पुढे वजन ठेवावे लागते; अन्यथा टोक उचलले जाते व वारा होडी फिरवतो. याकरिता मी घडीच्या पाणपिशव्या आणल्या होत्या. त्या रिकाम्या असता खिशात मावतात आणि काठावर भरता येतात, ही मोठीच सोय. तंबू, स्टो व अंथरूण मध्यभागी बांधले, पिशव्या स्प्रिंगकाट्याला टांगून तोलल्या आणि अडतीस किलो पाणी तिच्या जागी ठेवले.

शंभर हात गेलो नाही तोच टोक वर आले. वाऱ्याने होडी आडवी केली. दोनदा निघालो, दोनदा परतलो. मेहुणा काठावर उभा होता.

"पुढं किती ठेवलंय?"

"तुझ्या ताईइतकं. अडतीस."

त्याने वाकून पिशव्यांना हात लावला.

"दाजी, ते दवाखान्यातलं वजन. होडीत बसायची तेव्हा ताई एकसष्टची होती. माझ्या स्कूटरचं मागचं चाक बसायचं."

खरे होते. अखेरीस परिचारिका दर सोमवारी आकडा सांगे व मी तो टिपून घेई. शेवटचा तेवढाच मजजवळ उरला होता. जन्मभर परक्यांचे काटे शून्यावर आणणाऱ्याकडून ही चूक घडली, याचे नवल वाटावयास हवे होते. वाटले नाही.

आणखी तेवीस किलो पाणी भरले. होडी सरळ गेली. पलीकडे तंबू ठोकला, चहा केला, प्यालो. रडू येईल म्हणून थोडा थांबलो. आले नाही.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याने होडी काठावर ओढून घेतली.

"मग, गिऱ्हाइकाला काय सांगू?"

"नको म्हणून सांग."

"बरं वाटलं का पण?"

मी पिशव्या उलट्या करून वाळत घालीत होतो.

"सरळ चालली," मी म्हणालो.