लाडाची मिरची

तिप्पण्णा मास्तर निवृत्त झाले तेव्हा शुक्रवार पेठेतल्या शाळेने त्यांना नारळ दिला आणि मागे फाटक लावून घेतले. इंग्रजांनी गावावर लादलेला मार्शल लॉ उठल्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. पण पोरांना काही शिकवल्याशिवाय मास्तरांना जेवण गोड लागेना. शेवटी त्यांनी शाळेमागची पडीक जागा मागून घेतली. म्हणाले, "पोरांना मिरची लावायला शिकवतो."

हेडमास्तर मानसिंगरावांनी एक हंगाम दिला. मिरची आली तर मास्तरांनी खुशाल येत राहावे; नाही आली तर तिथे मोडकी बाके ठेवायला पत्र्याची खोली बांधायची.

मास्तरांनी जन्मात मिरची पाहिली होती ती ताटात. पण ठाऊक नसलेली गोष्ट ठासून सांगायचा तीस वर्षांचा सराव होता. "रोप म्हणजे तान्हं बाळ," त्यांनी सांगून टाकले. मग काय, चाळीस पोरे रोज घरून एकेक तांब्या पाणी आणून वाफ्यात ओतू लागली. ऊन लागू नये म्हणून मास्तरांनी वाफ्यावर आपले धुवट धोतर ताणून बांधले. रोपे लुसलुशीत वाढली. त्यांच्याबरोबर मास्तरांची मानही ताठ झाली.

कुंपणापलीकडे लालबीचा वाफा होता. मिरचीची रोपे विकूनच तिचे घर चाले. ती चार-चार दिवस पाणी तोडी. शिवाय रोज सकाळी कडूलिंबाचा डहाळा रोपांच्या शेंड्यांवरून सपासप फिरवी.

"अगं लालबी, लेकरं ती! मारतेस काय?"

"मारती कुटं मास्तर? ताण देती. जरा हलवली की बुडात घट्ट हुत्यात."

मास्तर पोरांकडे वळले. "बघितलंत? याला म्हणतात अज्ञान."

पोरांनी बघितले. लालबीनेही मास्तरांकडे बघितले आणि डहाळा फिरवत राहिली.

श्रावणात आठ दिवस झड लागली. नवव्या दिवशी मास्तर येऊन पाहतात तो निम्म्या वाफ्याने माना टाकलेल्या. देठ मातीलगत काळे पडून मऊ झाले होते. दोन दिवसांत उरलेलीही आडवी झाली. पलीकडे तीच माती, तीच झड; लालबीची बुटकी, राकट रोपे मात्र उभी. गेली असतील तर दहा-वीस.

पत्र्याच्या खोलीचे माप घ्यायला सुतार येऊन गेला, तेव्हा मास्तर कुंपणाशी गेले. घसा दोनदा खाकरला.

"लालबी, दोनशे रोपं देशील?"

"दीन की. पर अज्ञानाची हायत, चालतील?"

मास्तरांनी मान खाली घातली.

"आन् एक. लावल्यावर डहाळा तुमी फिरवायचा. पोरांसमोर."

दुसऱ्या दिवशी चाळीस पोरांपुढे मास्तरांनी डहाळा उचलला. पहिल्या बाकावरच्या वच्छलाने लगेच विचारले, "मास्तर, लेकरांना मारताय व्हय?"

"मी चुकीचं शिकवलं होतं," मास्तर म्हणाले. तीस वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारले, त्यामुळे ते जरा अडखळत आले. "तुम्हाला देवी टोचल्या ना? दंड दोन दिवस सुजला, पण अंगाला सावध राहायची सवय लागली. रोपांचंही तसंच काहीसं असावं. थोडा त्रास झाला की ती आतून तयार होतात. नेमकं कसं, ते मला ठाऊक नाही."

"तुमी रडलाता का, टोचताना?"

"मी कणगीत लपलो होतो. दोघांनी पाय धरून मला ओढून काढलं."

त्या दिवसाइतके लक्ष देऊन पोरांनी मास्तरांचे काहीही ऐकले नव्हते.

मार्गशीर्षात झाडे लाल मिरच्यांनी वाकली. मानसिंगराव आले, हिंडून पाहिले आणि विचारले, "ही बाग कुणी जगवली?"

"लालबीनं!" चाळीस आवाज एकदम.

मास्तरांनी पोरांना खरे बोलायला शिकवले होते. आता इलाज नव्हता.

"मग पुढल्या हंगामाला पोरांना लालबीच शिकवेल," मानसिंगराव म्हणाले. मास्तरांनी छत्री काखेत मारली आणि फाटकाकडे पाहिले.

"आन् मास्तर?" कुंपणापलीकडून लालबी म्हणाली. "त्यांनाबी येऊ द्या की. लई शिकायचं ऱ्हायलंय त्यांचं."

मानसिंगराव हसले आणि सुताराला नको म्हणून निरोप धाडला.

पुढच्या मृगात लालबी वाफ्याशी उभी राहून बोलू लागली, तेव्हा तिप्पण्णा मास्तर पोरांच्या रांगेत मांडी घालून बसले होते. वच्छलाने सरकून जागा दिली आणि हळूच विचारले, "मास्तर, तांब्या आणला न्हाय न्हवं?"