रोशनीचं कोपर

दार लोटून रोशनी आणि तिची आई आत आल्या आणि मला आधी तेलाचा वास आला. मोहाच्या बियांचं, गरम केलेलं.

"रोशनी, कुठे होतीस इतके दिवस?"

"घरात सगळे कापूस वेचायला जातात मॅडम. एस.टी.नं इथवर मला कोण आणणार?"

"आणि फोनवर 'उद्या येते मॅडम, नक्की येते' कोण म्हणत होतं?" मी चिडलेच. जळगावात फिजिओथेरपीचा दवाखाना टाकल्यापासून हेच ऐकतेय. प्लास्टर निघालं की पेशंटना वाटतं, झालं सगळं! येतील तेही मशीन लावून घ्यायला. व्यायाम सांगितला की तोंडं वाकडी. आणि बरं नाही वाटलं, तर हेमांगी मॅडमच्या हाताला गुण नाही म्हणून गावभर बोंब.

रोशनी मात्र तशी नव्हती. सातपुड्याच्या पायथ्याची ही पोर पोलीस भरतीसाठी पहाटे उठून धावायची. बांधावरून पडली आणि उजवं कोपर मोडलं. भरतीच्या मैदानी चाचणीत याच हातानं गोळा फेकायचा होता.

"दाखव बरं."

कोपर गरम लागलं. वाकवायला गेले तर अर्ध्यातच अडलं. वरच्या मांसात बोटांखाली काहीतरी टणक आलं. देवा, हे नको रे, असं मनात म्हटलं.

"हाई देखा बाई," तिची आई मोगराबाई कौतुकानं पुढे झुकल्या. हात कडक झाला म्हणजे ताकद आली, असं त्यांना वाटत होतं. "हात कसा घट्ट व्हयना! ताकद उनी. रोज रातले मी चोळस. ती रडस, पन मी सोडस नही."

"मावशी, चोळायचं नाही म्हणून बजावलं होतं ना मी?"

"मी चोळाव नही ते कोन चोळी?"

मी त्यांना शेजारी पाठवून एक्स-रे काढून आणायला लावला. फिल्म उजेडाला धरली. मांसाच्या जागी पांढरं हाड धरलं होतं.

"मॅडम, दिवाळीनंतर मैदानी आहे," रोशनी म्हणाली. "तोवर होईल ना? आता एकही दिवस चुकवणार नाही मी. आईशप्पथ."

माझा राग पार उतरला. रडूच येईल असं वाटलं.

"नाही गं होणार. मोडलेलं कोपर जोरात चोळलं की मांसात हाड तयार होतं. पुढेमागे ऑपरेशन करता येईल. पण ही भरती गेली."

रोशनीनं कोपरावरची बाही हळूच खाली ओढली.

"हाई मी करं?" मोगराबाईंनी स्वतःच्या हातांकडे बघत विचारलं.

मी फिल्म पुन्हा पाकिटात घालू लागले.

दोघी उठल्या. रोशनीची ओढणी उजव्या खांद्यावरून घसरली. तिनं उजवा हात उचलला, पण तो खांद्यापर्यंत जाईना. सवयीनं आईचा हात पुढे झाला आणि मध्येच थांबला.

"ओढनी डावा हातवरी ले, माय," मोगराबाई म्हणाल्या, आणि त्यांनी आपले दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले.