कडूबाच्या पिकअपची खडखड

कडूबाची पिकअप गावातून सुटली की लासूर स्टेशनच्या अलीकडचा गेटमन मालगाडी आली समजून फाटक पाडायचा. आम्ही फाटकापुढं थांबून इंजिन बंद केलं की आवाजही बंद. मग तो बिचारा रुळावर जाऊन दोन्हीकडं बघायचा, गाडी गेली कुठं म्हणून. एकदा वाटेत वरात लागली. बँडवाले दमून झाडाखाली बसले होते. आमची पिकअप शेजारून गेली तशी वऱ्हाडातली पोरं नाचायला लागली आणि नवरदेवाच्या मामानं कडूबाला टॉवेल-टोपी केली. कुणाला खोटं वाटत असेल तर त्यानं मामाला विचारावं. टोपी अजून कडूबाच्या डोक्यावर आहे.

आठवड्यातून दोनदा आम्ही भाजी घेऊन शहरात जायचो. पुंडलिकनगरात कडूबाची बायको मनकर्णावहिनी मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या मांडायच्या आणि त्यांच्या शेजारी माझी वांगी. केबिनमध्ये स्टेअरिंगवर कडूबा, दाराशी वहिनी, आणि मधी मी, गिअरची दांडी दोन्ही गुडघ्यांत घेऊन. नवरा-बायकोच्या मधी बसू नये एवढं मलाही कळतं. पण वहिनी नवऱ्याशेजारी बसत नव्हत्या. त्याच्याशी बोलतही नव्हत्या.

कारण होतं मोगरी. मोगरी म्हणजे गाय. वहिनींच्या भावानं दिलेलं वासरू, त्यांनी हातानं पेंड चारून वाढवलेलं. वहिनी भाकरी थापायला बसल्या की ती दारातून मान घालून चूल फुंकायची, मी बघितलंय. पुढं ती भाकड झाली. त्याच सुमारास कडूबानं ही जुनी पिकअप घेतली, आणि वहिनी भावाकडं गेलेल्या असताना पहिली खेप केली ती मोगरीला घेऊन पाचोडच्या गुरांच्या बाजाराची. विचारलं नाही, सांगितलं नाही. वहिनी परतल्या तर खुंट्याला नुसतं दावं. त्यांनी ते सोडलं, गुंडाळलं आणि आत नेलं. तेव्हापासून भाकरी वेळेवर, धुणं वेळेवर, नवऱ्याशी शब्द मात्र एक नाही. कडूबा म्हणायचा, "अगं, दुसरी आणू की." त्यावर घरातली मांजर तरी वळून बघायची.

गाडीशी मात्र वहिनी बोलायच्या. त्यांना ती सवतच वाटायची.

"काय गं सटवे," दार खडखडलं की त्या दारालाच म्हणायच्या, "लोकाच्या घरात घुसलीस, अन् वर दात वाजवून दाखवतीस व्हय?"

कडूबा रस्त्यावरची नजर न हलवता म्हणायचा, "जुनी हाय ती. समजून घ्यावं माणसानं."

"जुनी हाय तर दाखव म्हणावं बाजार! पाचोड काय लई लांब नाय!"

हॉर्न वाजला की, "केकाटू नको, कुणी मेलं नाय." असं पुंडलिकनगर येईपर्यंत चालायचं. मधी बसून माझे कान दोन्हीकडून भाजून निघायचे. पण खरं सांगतो, वहिनींची जीभ वाटेत अशी सुटली की बाजार बरा व्हायचा त्या दिवशी.

एकदा कडूबाच्या डोक्यात आलं. मला म्हणाला, "गड्या, गाडीच्या खडखडीनं ती वैतागती. वैताग गेला की बोलंल."

"मग ने गॅरेजला."

"गॅरेज कशाला? घरीच करतो."

दाराचं कुलूप जिथं अडकतं तिथं त्यानं सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली. दार असं मिटायला लागलं जसा झोपाळलेला डोळा मिटावा. पुढच्या खेपेला वहिनी दारावर हात ठेवून बसल्या, खडखडीची वाट बघितल्यासारख्या. काहीच वाजेना. तेवढ्यात मागं हौद्याच्या फाळक्याची साखळी वाजली.

"पैंजणं घातलीत व्हय गं? कुणासाठी?"

त्याच संध्याकाळी कडूबानं उरलेली ट्यूब साखळीवर चढवली. मग वहिनींनी खिडकीची काच धरली. ती आपली आपण खाली सरकायची. "येऊ दे धूळ. तुझ्या धन्याला सांग, बायकोचं तोंड मातीनं भरलं म्हणून." कडूबानं बाभळीची पाचर तासून काचेला मारली. आता ती काच खाली करायला पैलवान लागला असता.

राहिला समोरचा खण. गतिरोधक आला की त्याचं झाकण उघडून वहिनींच्या गुडघ्यावर पडायचं. एकदा जोरात लागलं. वहिनींनी गुडघा चोळला आणि म्हणाल्या, "मार, सटवे. धन्यानं कधी हात उगारला नाय, तेवढं तू करून घे."

मी मधी होतो म्हणून सांगतो, कडूबाचा कान पिकल्या टोमॅटोसारखा झाला. मोगरी गेल्यापासून त्याच्याबद्दल निघालेलं हे पहिलं बरं वाक्य. आणि ह्या शहाण्यानं काय केलं? घरी गेल्या गेल्या मोडक्या कपाटाचं लोहचुंबक काढून त्या झाकणाला बसवलं.

आता पिकअप इतकी गप झाली की बॉनेटवर झोपलेलं आमच्या गल्लीतलं कुत्रं पुंडलिकनगरात जागं झालं आणि अनोळखी घरं बघून आमच्यावरच भुंकलं. गेटमन फाटक पाडायचा थांबला. वहिनी बसल्या की दार हलवून बघायच्या, काचेला बोट लावायच्या, झाकण दाबायच्या. मग दोन्ही हात मांडीवर ठेवायच्या. लासूर गेलं, शहर आलं, तरी शब्द नाही. मेथी घेणाऱ्या बायांशीसुद्धा त्या बोटानं भाव करायला लागल्या.

चहाच्या गाड्यावर कडूबा म्हणाला, "आता गाडीत बी बोलंना रं."

"गाडीत काय बोलतील? एकेक वाक्य तूच ट्यूब लावून बंद केलंस."

"ते तर ती गाडीला बोलायची!"

"गाडीचा धनी कोण रे येड्या? 'तुझ्या धन्याला सांग' म्हणायच्या, ते काय पत्र्याला?"

तो हातातल्या ग्लासाकडं बघत राहिला. चहावर साय आली, सायीवर माशी बसली, तरी बघतच होता.

पुढच्या खेपेला त्यानं चुंबक उपटून टाकलं होतं. रेल्वेचं फाटक ओलांडताना गाडी उसळली आणि झाकण धप्पकन वहिनींच्या गुडघ्यावर आलं. कडूबानं गाडी एकदम सावकाश घेतली. वहिनींनी झाकणाकडं बघितलं. उचललं, लावलं. ते पुन्हा पडलं. मग त्यांनी तळहातानं दाबून धरलं ते पुंडलिकनगरापर्यंत.

"लागलं का?" कडूबानं विचारलं.

वहिनींनी झाकणावरचा तळहात आणखी दाबला.

मग त्यानं सगळंच काढलं. दाराची पट्टी, साखळीची ट्यूब, काचेची पाचर. पुढच्या बाजाराला आम्ही निघालो तेव्हा पिकअप जुन्या तालावर होती. फाटक पडलं. गेटमन रुळावर धावला. कडूबानं इंजिन बंद केलं आणि आमच्या दोघांच्या नजरा समोर, कान मात्र डावीकडं.

वहिनींनी पायाशी ठेवलेली पिशवी उघडली. "भावजी, गुडघा बाजूला घ्या जरा," मला म्हणाल्या. मी घेतला. त्यांनी पिशवीतून मोगरीचं दावं काढलं. इथं मी पदरचं काही घालत नाही. त्याला अजून गोठ्याचा वास होता. त्यांनी त्याचा पीळ उलगडला, एक पेड काढून खणाचं झाकण बांधलं. दुसरा पेड दाराच्या मुठीला घालून सीटच्या दांडीला आवळला. गाठ तीच, त्या खुंट्याला मारायच्या ती, जितकी ओढ बसेल तितकी घट्ट होणारी. काचेच्या फटीत उरलेला तुकडा बोटानं कोंबला. मग हात मांडीवर ठेवले.

फाटक उघडलं. गाडी निघाली. फाळक्याची साखळी तेवढी मागं वाजत होती. तिथपर्यंत त्यांचा हात पोचत नव्हता. पण त्यांनी मान काही वळवली नाही.

कडूबानं हॉर्न दाबला. रस्त्यावर पुढं कुणी नव्हतं, ना माणूस, ना म्हैस. 'केकाटू नको' येतंय का म्हणून थोडं थांबून त्यानं पुन्हा दाबला. वहिनी बाहेर बघत होत्या. पुंडलिकनगर येईपर्यंत तो दाबतच राहिला, आणि रस्त्याकडेचे लोक पोटतिडकीनं आम्हाला शिव्या देत होते.