अस्वलाखालची जागा

"माझी जागा कुठं गेली ते सांगा आधी, मग बघते तुमच्या खांबांचं कौतुक!" बिबियाना पाद्रीबाबांवर कडाडली.

स्पेनमधल्या नवाराच्या डोंगरातलं ते चर्च बाराव्या शतकातलं. भिंती पुरुषभर जाड, कमानी अर्धगोल, खिडक्या म्हणजे नुसत्या फटी. जमिनीवर लाकडी फळ्या होत्या, घरटी एक. फळीखाली त्या घराचे पूर्वज. घरच्या बाईनं दर रविवारी तिथंच गुडघे टेकायचे, घरातल्या मेलेल्यांसाठी तिथंच मेणबत्ती लावायची. बिबियानाला ती जागा सासूनं दिली होती. सून दूर बिल्बाव शहरात, ती चर्चची पायरीही चढत नसे. आता फळ्याच उखडल्यावर नवऱ्याची, लेआन्द्रोची, मेणबत्ती लावायची कुठं, या धास्तीनं बिबियानाचा डोळ्याला डोळा लागत नव्हता.

"अहो, खांबांचे पाय गाडले गेले होते फळ्यांखाली," पाद्रीबाबा म्हणाले. "आता कसे मोकळे झाले बघा! बाकंही येतायत. बसा की कुठंही."

"कुठंही बसायला ही काय खानावळ आहे?"

नवी फरशी झाल्यावरच्या पहिल्या रविवारी ती आत आली. खाली सगळे दगड सारखेच. तिनं वर पाहिलं. एका खांबाच्या माथ्यावर कुण्या जुन्या पाथरवटानं नाचरं अस्वल कोरलं होतं, एक कान तुटलेलं. तिची जागा बरोबर त्याच्याखाली. आणि तिथं बसली होती शेजारची प्रुदेन्सिया! हिच्या शेळीनं बिबियानाचा घेवडा फस्त केला, तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं.

"ऊठ गं! अस्वल दिसत नाही का?"

"दिसतं म्हणूनच बसले ना, भवाने! पाहुणे टेकत होते इथं. धरून ठेवली तुझी जागा." प्रुदेन्सिया बाजूला सरकली.

बिबियाना बसली. मेणबत्ती पायाशी ठेवून पेटवली. मग तिला प्रुदेन्सियाच्या मांडीवरची मेणबत्ती दिसली, न पेटवलेली.

"आणि तुझी जागा गं?"

प्रुदेन्सियानं हनुवटीनं दाखवलं. बाकांच्या दोन रांगांमधली वाट. लोक त्यावरून ये-जा करत होते.

बिबियानाला फार वाईट वाटलं. तिनं ती मेणबत्ती घेतली, आपल्या ज्योतीवर पेटवली आणि शेजारी उभी केली.

"घेवडा विसरले नाहीये हं मी," ती म्हणाली.

"माहितेय."

प्रसाद घ्यायला सगळं गाव मधल्या वाटेनं पुढं निघालं. बिबियानाही निघाली. प्रुदेन्सियानं दाखवलेल्या दगडापाशी आल्यावर तिनं घागरा सावरला आणि बाकाला घासत, कडेनं गेली.