डावीकडे सायकल

आमच्या क्लबात एका धंद्याचा एकच माणूस घेतात, त्यामुळे तिथं कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही. वकील, बेकरीवाले, दातांच्या बाई, शिंपीमामा. मी चष्मेवाली. माझा सख्खा थोरला भाऊ, ज्यानं मला सायकलपासून मोटारीपर्यंत सगळं चालवायला शिकवलं, तोसुद्धा भर सभेत मला "अहो चष्मेवाल्या बाई" म्हणतो आणि वर डोळा मारतो. दादा म्हणजे क्लबाचा ड्रायव्हर. हयातभर लांब पल्ल्याच्या बसगाड्या चालवल्या, पण गाडीला एक ओरखडा नाही. निवृत्त झाला त्याच वर्षी वहिनी गेली, आणि हा घरात भिंतींशी बोलायला लागला. तेव्हा मीच त्याला ओढून क्लबात आणलं.

क्लबाकडे तेव्हा नुकतीच व्हॅन आली होती. गावात ज्यांच्या किडन्या निकामी झाल्यात त्यांना मंगळवार, गुरुवार, शनिवार शहरातल्या दवाखान्यात मशीनवर न्यायचं आणि रक्त शुद्ध करून झालं की घरी सोडायचं. दादानं किल्ली हातात घेतली आणि माणूस माणसात आला. दाढी घोटलेली, शर्टाला कडक इस्त्री, पहाटे उठून व्हॅन धुणार. माझ्या दुकानासमोरून जाताना तीनदा हॉर्न. शिंपीमामा तर त्याच्या शेजारची पुढची जागा कुणाला देतच नसत. त्यांच्याही किडन्या गेलेल्या.

हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर लोक मला म्हणाले, "सख्ख्या भावाला असं वागवलं तरी कसं?" वागवलं कसं म्हणजे काय? आधी ऐका, मग तोंड उघडा.

दर बैठकीच्या सुरुवातीला आम्ही उभं राहून एक वाक्य म्हणतो: "माझ्या धंद्यात मी आधी खरं बोलेन, मग गोड." शाळेतल्या पोरांसारखं, एका सुरात, निम्म्यांचं लक्ष चहाकडे. मीही म्हणते. वर्षानुवर्षं म्हणत आलेय, जिभेला काही लागत नाही.

त्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये क्लबाचं डोळे तपासायचं शिबिर होतं. वकील आमचे अध्यक्ष. ते माइकवरून म्हणाले, "आधी आमच्या ड्रायव्हरचे डोळे तपासा हो, रुग्णांचे जीव त्याच्या हातात आहेत!" दादा ऐटीत खुर्चीत बसला. तक्ता घडाघडा वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत. एवढ्यावर थांबेल तर दादा कसला! तक्त्याच्या खाली कोपऱ्यात छापखान्याचं नाव होतं बारीक अक्षरात, तेही वाचून दाखवलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. हा उठला, हात वर करून सगळ्यांना दाखवला आणि वळून थेट स्टुलावर धडकला. स्टुलावरचा फ्रेमांचा खोका खाली, फ्रेमा हॉलभर.

"कुणी ठेवलं रे हे इथं?" दादा ओरडला.

स्टूल सकाळपासून तिथंच होतं. लोक खो खो हसले. मला हसू आलं नाही. महिन्यापूर्वी तो माझ्या स्वयंपाकघराच्या उघड्या दारावर असाच खांदा आपटून घेऊन दारालाच शिव्या देत बसला होता. आणि हल्ली चालताना सारखी मान फिरवायचा, गर्दीत कुणाला तरी शोधत असल्यासारखी.

शिबिर आटोपल्यावर खोके पोचवायच्या निमित्तानं मी त्याला दुकानात नेलं. समोर बसवला, गुडघ्याला गुडघा लावून.

"माझ्या नाकाकडे बघ. नजर हलवायची नाही. बाजूनं माझी बोटं दिसली की सांग."

दोन्ही हात लांब पसरून, बोटं हलवत, मी ते हळूहळू आत, माझ्या चेहऱ्याकडे आणायला लागले. चांगल्या डोळ्यांचा माणूस लगेच "दिसली" म्हणतो. दादा माझ्या नाकाकडे बघत राहिला.

"नाक मात्र तुझं डिट्टो आईचं आहे हं," तो म्हणाला.

माझी बोटं खांद्यांपर्यंत आली. मग कानांपाशी आली. मी ती जोरजोरानं हलवत होते.

"आण की आता बोटं, ठमे," दादा म्हणाला. "किती वेळ नुसतं नाक बघायचं?"

मी हात खाली घेतले. मी डॉक्टर नाही, रोगाला नाव देणं माझं काम नाही, पण इतकी वर्षं या धंद्यात काढल्यावर काचबिंदूचा संशय यायला वेळ लागत नाही. हा रोग चोरासारखा येतो. बाजूची नजर कुरतडत आणतो आणि समोरची तशीच ठेवतो, त्यामुळे ज्याची जातेय त्यालाच पत्ता नसतो. तक्ता वाचून घेतला की सगळे खूश.

त्या क्षणी मी त्याला सरळ सांगायला हवं होतं: दादा, तुला बाजूचं दिसत नाही, उद्यापासून स्टिअरिंगला हात लावायचा नाही. पण समोर त्याचं ते इस्त्रीच्या शर्टातलं ध्यान. व्हॅन काढून घेतली तर परत भिंती आणि तो. मी म्हटलं, "डोळ्यांच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घे हं जरा. डोळ्यांतलं प्रेशर बघू देत."

"आपल्या क्लबाचा वार्षिक सोहळा झाला की जातो."

"बरं," मी म्हटलं. बरं म्हटलं मी! काय बरं होतं त्यात?

सोमवारी वकिलांच्या कचेरीत गेले. म्हटलं, दादाकडे व्हॅन देऊ नका, त्याला बाजूचं दिसत नाहीये. वकिलांनी पेन खाली ठेवलं.

"त्यांनी तुम्हाला हे सांगायची परवानगी दिलीय?"

"नाही."

"मग बाई, तपासणीतली गोष्ट तुम्ही तिसऱ्या माणसाला सांगता? हे तुमच्या व्यवसायाला धरून आहे का? मी हे ऐकलंच नाही असं समजा." मग खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाले, "आणि फुकट गाडी चालवणारा दुसरा माणूस आहे कुठं? तुम्हाला येते ना चालवता? ठेवता का आठवड्यातून तीन दिवस दुकान बंद?"

खरं घोडं तिथंच पेंड खात होतं. मला गाडी येते, उत्तम येते, दादानंच शिकवलीय. पण दुकान माझं एकटीचं आहे आणि घर त्यावर चालतं. कचेरीचा जिना उतरताना मी वकिलांना मनातल्या मनात लाखोली वाहिली. निम्मी माझ्याच वाट्याची होती, तेवढं कळत होतं.

मंगळवारी सकाळी तीनदा हॉर्न वाजला. मी दुकानाच्या दारात येऊन हात केला. व्हॅन भरलेली होती. संध्याकाळी परतीचा हॉर्न कानावर पडेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. एका बाईला तर मी दूरच्या चष्म्याऐवजी जवळचा देऊन बसले.

बुधवारी बैठक. दर बैठकीत एक जण आपल्या धंद्याबद्दल थोडं बोलतो, आणि यावेळी पाळी माझी होती. मला वाटलं, ही संधी आहे. जुन्या फ्रेमा काढल्या, काचांवर काळा कागद चिकटवला आणि मधोमध छोटं भोक ठेवलं. बाजूची नजर गेलेल्याला जग कसं दिसतं, याचा खेळ. नाव कुणाचं घ्यायचं नाही. दादा बघेल, मनात चरकेल, रात्री गुपचूप माझ्याकडे येईल आणि मग मी त्याला समजावेन. स्वतःला फार शहाणी समजत होते मी.

हॉलमध्ये खुर्च्या वेड्यावाकड्या मांडल्या. चष्मा घालायचा, भरलेला कप घ्यायचा आणि दारापासून टेबलापर्यंत जायचं. पहिले वकील. दुसऱ्याच खुर्चीवर आपटले आणि चहा पँटवर. बेकरीवाले हसून हसून डोळे पुसायला लागले, आणि स्वतःची पाळी आली तेव्हा भिंतीला जाऊन चिकटले. दातांच्या बाई एक हात पुढे करून भुतासारख्या चालत होत्या. शिंपीमामा तेवढे कोपऱ्यात बसून होते. आदल्या दिवशीच्या सुयांनी हात सुजला होता, तो मांडीवर घेऊन.

"आणा इकडं!" दादा उठला. "तुम्हाला कप सांभाळता येत नाही, संसार कसले सांभाळता रे!"

त्यानं चष्मा घातला. मान इकडून तिकडे फिरवत, प्रत्येक खुर्चीला वळसा घालत गेला आणि कप टेबलावर ठेवला. थेंब सांडला नाही. टाळ्या पडल्या. दादानं चष्मा काढला, त्याच्याकडे पाहिलं, परत घातला, परत काढला.

"अहो चष्मेवाल्या बाई, तुमचा हा चष्मा बिघडलाय. घातला काय आणि काढला काय, सारखंच!"

सगळे हसले. मग बेकरीवाल्यांचं हसू थांबलं, मग दातांच्या बाईंचं. वकील खाली बघायला लागले. शेवटी एकटा दादाच हसत होता, आणि मग तोही थांबला.

"मी सांगतो ना त्यांना," कोपऱ्यातून शिंपीमामा घाईघाईनं म्हणाले. "मी पुढंच बसतो. डावीकडे सायकल आली की मी सांगतो, डावीकडे सायकल. कुणी आडवं आलं की सांगतो. काही होत नाही. आजवर काही झालंय का?"

दादा पूर्ण वळला तेव्हा त्याला मामा दिसले.

"मामा, ते तुम्ही त्यासाठी बोलत होता? मला वाटायचं, तुम्हाला बडबडायची खोड आहे."

"व्हॅन बंद पडली तर मी काय करू हो, दादा?" मामांचा आवाज फुटला. "मशीन चुकलं तर मी जगतो का?"

दादा खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. मग माझ्याकडे वळला.

"तुला कधी कळलं?"

"रविवारी."

"काल मंगळवार होता."

मी उरलेल्या फ्रेमा एकावर एक रचायला लागले.

"काल माझ्या गाडीत माणसं होती, ठमे." त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला परवडलं असतं. "मला तोंडावर सांगितलं असतंस तर सोमवारीच किल्ली देऊन टाकली असती. तू खेळ मांडलास. एवढीच ओळख तुला माझी?"

त्यानं खिशातून किल्ली काढून चष्म्याशेजारी ठेवली. दारातून जाताना त्याचा खांदा चौकटीवर आपटला. कुणी हसलं नाही.

थोड्या वेळानं वकील रुमालानं पँट पुसत म्हणाले, "तर मंडळी, पुढचा विषय."

माझं डोकंच फिरलं. "पुढचा विषय हाच आहे, वकीलसाहेब! उद्या सकाळी व्हॅन कोण नेणार?"

बेकरीवाल्यांची भट्टी होती. दातांच्या बाईंच्या वेळा दिलेल्या होत्या. वकिलांचं कोर्ट होतं. एकेकाचं ऐकून झालं आणि मग मी किल्ली उचलली.

गुरुवारी दुकानाचं शटर पाडून ठेवलं. व्हॅनचं सीट दादाच्या लांब पायांसाठी मागे सरकवलेलं होतं, ते पुढे ओढलं. काच पुसायचं फडकं घडी करून जागच्या जागी होतं. ते बघून मला रडू आलं, पण मागे माणसं बसलेली, रडायला वेळ कुठला? शिंपीमामा नेहमीसारखे पुढे येऊन बसले.

बाजार ओलांडला तोच ते म्हणाले, "डावीकडे सायकल."

"दिसतेय मला!" मी वसकन ओरडले.

"सवय लागलीय, बाई," ते ओशाळून म्हणाले आणि गप्प बसले. मला माझीच लाज वाटली.

दादाच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांनी परत तोंड उघडलं. "डावीकडे," म्हणाले आणि थांबले.

दादा फाटकाबाहेर उभा होता. दाढी घोटलेली, इस्त्रीचा शर्ट. मी गाडी हळू केली, काच खाली केली, हात वर केला. तो समोरच्या रस्त्याकडे बघत होता. मी हॉर्न दिला, तीनदा. त्याचाच हॉर्न तो, लगेच ओळखला. पूर्ण मान वळवून त्यानं व्हॅनकडे पाहिलं आणि मग माझ्या चेहऱ्याकडे. अगदी समोरून, पुरतं पाहिलं. मग पाठ फिरवली, चाचपडत फाटकाची कडी शोधली आणि आत निघून गेला.

"दिसलं नसेल हो त्यांना, बाई," शिंपीमामा हळूच म्हणाले.

"दिसलं, मामा," मी म्हटलं आणि गिअर टाकला.