अर्धी नारिंगी

जिलेटिनच्या कागदाचा एक कोपरा दिव्याच्या आचेनं सुरकुतला होता आणि ती त्या सुरकुतीकडे उगाचच बघत राहिली होती. पूर्ण नारिंगी कागदानं माणूस शेकोटीपुढे बसल्यासारखा दिसतो, या अर्ध्या नारिंगीनं नुसता उन्हातून आल्यासारखा. फ्लॅशचा पांढरा उजेड चेहऱ्याची गय करत नाही, म्हणून हा कागद चिमट्यानं दिव्यापुढे लावायचा... रोजचंच काम. पण आज तो लावायला आईनं सांगितलं होतं. नेमका तोच.

कॅमेरा दिसला की जन्मभर तोंड फिरवणारी आई आज आपणहून स्टुडिओत आली होती, केस नीट विंचरून, पांढरी शाल घेऊन. फोटो कशाला, असं विचारलं तर थट्टेनं म्हणाली, "कोणी मागणी घातली तर असावा जवळ." मग सहज बोलावं तसं, "दादाला पाठवायचाय गं."

दादाला... म्हणजे महिनाभर दुपारी बंद दाराआड फोनवर जे चाललंय, आपण आत शिरलो की "बरं, ठेवते" म्हणून जे संपतं, ते हेच. आई त्याच्याकडे चाललीय, कायमची. आणि वहिनीला म्हातारपण गळ्यात पडतंय असं वाटू नये म्हणून आधी हा टवटवीत फोटो. तोही जिनं इतकी वर्षं सांभाळलं तिच्याच हातून काढून घ्यायचा — कमाल आहे.

चिमटा जरा जास्तच जोरात बसला.

"कार्ड मी धरते," आई म्हणाली.

स्टुडिओ नवा होता तेव्हा हाताखाली कोणी नव्हतं. गिऱ्हाइकाशेजारी उभी राहून ते राखाडी कार्ड आईच धरायची. पहिला फोटो कार्डासकट घ्यायचा, मग कॉम्प्युटरवर त्या राखाडीवर क्लिक केलं की दिव्याचा रंग फोटोतून निघून जातो आणि वस्तू मुळात जशी आहे तशी दिसते. मग त्यावरून ऊब किती ठेवायची ते ठरवायचं. आईला हे सगळं पाठ होतं.

आईनं कार्ड धरलं, तिनं फोटो घेतला. राखाडीवर क्लिक केलं. नारिंगी छटा उतरली. भिंत पांढरी झाली, शाल पांढरी झाली, कार्ड राखाडी झालं. कार्ड धरलेली बोटं मात्र पिवळीच राहिली.

तिनं पुन्हा क्लिक केलं. बोटं पिवळीच. चेहरा मोठा करून पाहिला... डोळ्यांतला पांढरा भागसुद्धा.

हा दिव्याचा रंग नव्हे.

मागच्या महिन्यात आईनं घरभरचे पांढरे दिवे बदलून पिवळे लावायला सांगितले — पांढऱ्यानं डोळे दुखतात म्हणाली — आणि स्टुलावर चढून ते लावले कोणी? मीच. वर म्हटलं, घर कसं छान वाटतंय नाही. ताटातलं अर्धं टाकते ते दातांमुळे, दिवसाढवळ्या झोपते ते वयामुळे... एकेका गोष्टीपुढे मी एकेक कागद लावत गेले. आणि दादा? बंद दाराआड हेच चाललं होतं का? की त्यालाही पत्ता लागू नये म्हणून हा फोटो? कोण कोणापासून लपवतंय यात, आणि मी कुठल्या बाजूला...

"आला का बरा?" मागून आईनं विचारलं.

तिनं घाईनं मघाचा बदल रद्द केला. नारिंगी परत आली. पडद्यावर आई उन्हातून आल्यासारखी दिसू लागली.

"छान आलाय," ती म्हणाली, आणि स्वतःचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला, फोन घाईनं ठेवणाऱ्या माणसाचा.

मागे वळायचं तिच्यानं होईना. पडद्याच्या काळ्या कडेत आईची छाया दिसत होती, तिच्याकडेच रोखून पाहत असलेली. लपवायचंच होतं तर, कार्ड कशासाठी असतं हे ठाऊक असताना, आईनं ते मागून का घेतलं... की मला सांगण्यापेक्षा ते धरणं तिला सोपं वाटलं?

फोटो होऊन गेला होता. आईनं कार्ड अजून खाली ठेवलं नव्हतं.