उलटा नारळ

भिकाजी सुताराइतका कामसू माणूस अख्ख्या रत्नागिरीत नव्हता. काम सुरू करण्यात, म्हणजे. संपवण्याचं खातं त्याच्याकडे नव्हतंच.

त्याची शेड माझ्या दुकानाला लागून, मिरकरवाड्याच्या वाटेवर. गिऱ्हाईक आलं की भिकाजी त्याला आधी माझ्याकडे नारळाला पिटाळायचा. मग लाकडाला हळदकुंकू, नारळ फोडायचा आणि करवतीचा एक काप मारायचा. झाला मुहूर्त. आता गिऱ्हाईक अडकलं. एकाने मुहूर्त केलेल्या लाकडाला दुसरा सुतार हात लावत नाही, हा आमच्या वाडीतला पक्का रिवाज. कोण कशाला दुसऱ्याचा मुहूर्त अंगावर घेईल? त्यामुळे शेडमध्ये एकेक काप मारलेली दारं, देव्हारे, बाजली भिंतीला टेकून उभी. एक पाळणा होता, तो ज्याच्यासाठी ते पोर शाळेत जायला लागलं होतं. माझी काही तक्रार नव्हती. नारळ माझेच खपत होते.

त्या साली, चौऱ्याऐंशी असेल, शेडमागे गोदूबाईची होडी पालथी पडली होती. गोदूबाई मासे विकणारी, नवरा गेलेला, मुलगा भिवा आणि ही होडी एवढाच तिचा संसार. तळाच्या फळ्या कुजलेल्या. मुहूर्त अक्षय्य तृतीयेला झालेला आणि आता नारळी पुनव आठवड्यावर. पुनवेनंतर सगळ्या होड्या दर्यात जाणार. हिची राहिली तर भिवा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून चढणार. आणि एकदा तिथे चढलेला पोरगा घरच्या होडीवर परत येत नाही, हे बाईने शेजारच्या घरात डोळ्याने पाहिलं होतं.

ती रोज यायची. भिकाजी रोज म्हणायचा, "होईल गो काकी." नाही म्हणायचं त्याच्या तोंडाला वळणच नव्हतं.

अशात भिकाजीच्या बायकोचा, दमयंती वहिनींचा, भाऊ विठू मुंबईहून रजेवर आला. फोर्टात कुठल्याशा कचेरीत होता आणि त्याच्या साहेबाने त्यांना नुकतंच कामाचं नियोजन शिकवलं होतं. विठूने ते गरमागरम गावी आणलं, लोक हलवा आणतात तसं. भिंतीवर तीन मोठे खिळे ठोकले. पहिला 'करायचं', दुसरा 'चालू', तिसरा 'झालं'. प्रत्येक कामाचं एक पुठ्ठ्याचं कार्ड. काम पुढे सरकलं की कार्ड पुढच्या खिळ्यावर. इतकं सोपं की म्हणे अडाण्यालाही जमावं. हे तो भिकाजीकडे बघत म्हणाला.

मी दुकान उघडं टाकून बघायला गेलो. असा तमाशा फुकट मिळतो कुठे?

विठू विचारत गेला, भिकाजी सांगत गेला. बाबूचं दार? चालू आहे, मुहूर्त झालाय. काशीचा देव्हारा? चालू. सोनूबाईचं बाजलं? ते तर कधीचं चालू. दुपारपर्यंत सगळी कार्डं मधल्या खिळ्यावर. पहिला खिळा मोकळा, कारण मुहूर्त न केलेलं काम भिकाजीकडे असणंच शक्य नव्हतं. तिसऱ्यावर त्याने सदरा अडकवला. विठू समजावत होता की भावोजी, एका वेळी दोन-तीनच कामं चालू ठेवायची, बाकीची मागच्या खिळ्यावर न्यायची. भिकाजीला घाम फुटला. फुटलेला नारळ परत कसा जोडायचा, एवढंच त्याने विचारलं. त्यावर साहेबाने काही शिकवलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मधला खिळा कार्डांसकट खाली आला. भिकाजीने लगेच लाकडाचा नवा मोठा खिळा घडवायला घेतला. मुहूर्त करून.

गोदूबाई माझ्या दुकानाच्या फळीवर येऊन बसली. रडली नाही. पाटी उतरवून नुसती बसली आणि म्हणाली, खाडीपलीकडे काळबादेवी गावच्या शिवा सुताराकडे जाऊन आले, तो हात लावत नाही. मग मला जरा सुचलं. मला सुचतं तेव्हा आमच्या घरची मंडळी देव पाण्यात ठेवतात.

मी गंभीर चेहरा करून सांगितलं की माझ्या आजीच्या गावी, आरे-वाऱ्याकडे, मुहूर्त सोडवायची रीत होती. नारळ शेंडी खाली करून सुताराच्याच उंबऱ्यावर फोडायचा. मुहूर्त सुटला, लाकूड मोकळं, कुणीही हात लावावा. फक्त त्या सुताराकडे मग पुढची बारा वर्षं कुणी नारळ घेऊन जात नाही. हे शेवटचं मी चवीपुरतं घातलं. माझी आजी आरे-वाऱ्याची नव्हतीच, पण आजीची चौकशी करायला कोण जातंय?

संध्याकाळपर्यंत ही रीत सगळ्या वाडीला आजोबांच्या काळापासून माहीत होती. दोघांनी तर ती स्वतः पाहिली होती.

सकाळी गोदूबाई शेडच्या उंबऱ्यावर उभी. हातात नारळ, शेंडी खाली.

"भिक्या, फोडू काय?"

भिकाजीच्या हातातला रंधा थांबला. "काकी, असं नको गो करू."

"मग बसते हितंच."

आणि बसली. नारळ मांडीवर. भिकाजी होडीपाशी गेला की ती पान लावायची. तो बाबूच्या दाराकडे नुसता वळला तरी नारळ वर. पाणी प्यायला उठला तरी वर. विठू म्हणाला हे शास्त्रीय नाही. तिने नारळ त्याच्याकडे वळवला, तसा तो आत बहिणीकडे चहा घ्यायला गेला. भिकाजीची एवढी एकाग्रता विठूच्या साहेबानेही पाहिली नसेल. फळ्या बसल्या, सांध्यांत कापूस ठोकला गेला, वर राळ, डांबर. भिवा पालथ्या होडीखाली आडवा पडून उजेड कुठून येतो ते सांगत होता. पुनवेच्या आदल्या दिवशी त्याला कुठूनच उजेड दिसेना.

पुनवेला होडी पाण्यात गेली आणि तरंगली. गोदूबाई तोंड फिरवून पदर नीट करत राहिली, बराच वेळ. भिकाजी गुडघाभर पाण्यात उभा. संपलेलं काम कसं दिसतं ते तो प्रथमच बघत होता. विठू शेजारच्याला तीन खिळ्यांचा गुण सांगत होता. मी मान डोलावली. पाहुण्याचा मान ठेवावा.

दुसऱ्या दिवशी भिकाजीने सकाळपासून सात वेळा हत्यारं उचलून खाली ठेवली. शेवटी वाटेवर येऊन पाटी घेऊन चाललेल्या गोदूबाईला त्याने थांबवलं. "काकी, जरा येऊन बसतेस काय? काम होत नाय गो."

"माझी होडी झाली. मी मासे विकू की तुझ्या पुढ्यात बसू?" आणि ती गेलीसुद्धा.

तेवढ्यात दमयंती वहिनी माझ्या दुकानातून निघाल्या. हातातला नारळ मीच निवडून दिला होता, चांगला वाजवून. शेडच्या उंबऱ्यावर बसून त्यांनी तो मांडीवर घेतला.

"परसदाराचा मुहूर्त लग्नाच्या साली केलात," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून तिथे गोणपाट लोंबतंय. घ्या करवत."